बांबूचा घुण आणि कणगीतला भुंगेरा



मोहर्लीसारख्या ताडोबालगतच्या गावात बांबू घरोघरी आहे. ताटवा बांबूचा, सूप-टोपली बांबूची, धानाची कणगीही बांबूचीच. जुन्या बांबूतून भुकटी गळू लागली की आपण म्हणतो, घुण लागला. कणगीच्या तळाशी तशीच भुकटी दिसली की म्हणतो, धानाला कीड लागली. या दोन्ही भुकट्या पाडणारे किडे एकाच कुळातले आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे काय?

होय, बांबूचा घुण आणि दाणे पोखरणारा भुंगेरा हे भाऊबंद. दोघेही लहान, लांबट, तपकिरी आणि डोके खाली लपवलेले. बांबूत पिष्ट असते, दाण्यातही पिष्ट असते. तसेच धानाच्या पानावरचा काटेरी भुंगेरा, म्हणजे हिस्पा, आणि हरभरा-तुरीला भोके पाडणारा भुंगेरा हेही एका कुळातले.

हे नाते ओळखतात कसे? नुसत्या दिसण्यावर गेले तर फसगत होते. तांदळातला सोंडा आणि मक्यातला सोंडा डोळ्यांनी वेगळे काढणे जाणकारालाही कठीण. म्हणून शास्त्रज्ञ किड्याच्या पेशीतली वंशावळ वाचतात. प्रत्येक पेशीत शक्ती तयार करणाऱ्या बारीक भट्ट्या असतात, त्यांना तंतुकणिका म्हणतात. त्यांच्याजवळ स्वतःची ३७ जनुकांची एक गोल पोथी असते, आणि ती आईकडून पिलांना मिळते. भाटाच्या वहीसारखीच ही वही, पण आईच्या बाजूने लिहिलेली. दोन वह्यांतला मजकूर जितका जुळेल तितके नाते जवळचे.

याचा आपल्याला उपयोग काय? गोदामात धुरीसाठी ज्या विषारी गोळ्या वापरतात, त्यांचा वायू नेमका या भट्ट्यांवर घाव घालतो. २०१२ साली असे दिसून आले की दाणे पोखरणारा भुंगेरा आणि पिठातला तांबडा भुंगेरा, कुळे वेगळी असूनही, एकाच जनुकात बदल होऊन या वायूला दाद देईनासे झाले. अर्धवट धुरी दिली की कच्चे किडे मरतात, पक्के उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते.

आणि लक्षात ठेवा, त्याच भट्ट्या माणसाच्या पेशीतही आहेत. राहत्या घरातल्या कणगीत अशी गोळी कधीही टाकू नका. झोपेत अख्खे घर दगावू शकते. कायद्यानेही हे काम सरकारी यंत्रणेचे आणि परवानाधारकांचेच आहे.

मग करायचे काय? धान कडक उन्हात वाळवा. दाताखाली कट्ट वाजले पाहिजे. ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. कणगी रिकामी करून झाडा, फटीतले जुने दाणे जाळा, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपा आणि विटांवर ठेवा. नवे धान जुन्यात मिसळू नका. नवी कणगी विणण्याआधी बांबू पाण्यात भिजत ठेवा; त्यातला पिष्टांश कमी होतो, घुणाला खायला उरत नाही. बियाण्याच्या हरभऱ्याला किलोमागे ५ मिलिलिटर खाद्यतेल चोळा. दर पंधरा दिवसांनी मूठभर दाणे पाण्यात टाकून पाहा. पोखरलेले वर तरंगतात.

कीड ओळखू आली नाही तर चार किडे बाटलीत घालून सिंदेवाहीच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. आधी कुळ ओळखा, मग उपाय करा.