गाडीचं दुखणं आपल्या शब्दांत

कविता लिहिणाऱ्या माणसाने मोटारीच्या गिअरबॉक्सवर बोलावं, हे काहींना विचित्र वाटेल. मी मेकॅनिक नाही. शिक्षण बी. ए.पर्यंतचं, तेही मराठी घेऊन. पण ऑटोमॅटिक गाडी बिघडली की तिच्या मालकाला सगळ्यात आधी शब्दांची अडचण येते, आणि त्याबद्दल मला थोडंफार सांगता येईल.

एके काळी आपल्याकडे ऑटोमॅटिक गाडी म्हणजे श्रीमंताची गाडी. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ आली आणि लहान गाडीतही क्लचचा पाय सुटला. त्यानंतर गुडघे दुखणारे निवृत्त मास्तर, पन्नाशीत गाडी शिकणाऱ्या बायका, रोज दोन तास वाहतुकीत अडकणारे नोकरदार, असे सगळे या गाड्यांकडे वळले. आमच्या घरी गाडी आली तीही माझ्या डाव्या गुडघ्यामुळेच.

पण ‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली निरनिराळी यंत्रं नांदतात, हे विकताना फारसं कोणी सांगत नाही. स्वस्त गाड्यांत बहुधा एएमटी असते. तिच्यात क्लच आणि गिअर नेहमीच्या गाडीसारखेच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम ॲक्च्युएटर नावाचा भाग कॉम्प्युटरच्या हुकमाने करतो. दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. तिथे इंजिनाची ताकद तेलामार्फत पुढे जाते. तिसरा सीव्हीटी, म्हणजे पट्टा आणि लहान-मोठ्या होणाऱ्या पुली. चौथ्यात दोन क्लच असतात, एक विषम गिअरांचा आणि एक सम गिअरांचा. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. एएमटी गिअर बदलताना किंचित मान डोलावते. सीव्हीटीत जोरात पाय दिला की आधी इंजिनाचा आवाज चढतो, वेग मागून येतो. हा दोष नव्हे. स्वभाव कोणता आणि आजार कोणता, हे ओळखणं ही मालकाची पहिली परीक्षा.

इथे आपली मराठी फार उपयोगी पडते. गाडी जागेवरून निघताना थंडी भरल्यासारखी कापते, ती थरथर. तिथे संशय बहुधा क्लचवर जातो. मागचा गिअर टाकल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग दणका बसतो, तो धक्का. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत अशा वेळी आधी तेलाची पातळी आणि दाब पाहतात. चालत्या गाडीला मध्येच कोणी मागून ओढल्यासारखं होतं, तो हिसका. इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही, तेव्हा आत काहीतरी घसरतं आहे. पण सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर या चारही गोष्टींसाठी एकच शब्द लिहिला जातो: ‘जर्क’. डॉक्टरने चार रोग्यांच्या केसपेपरवर नुसतं ‘दुखतं’ लिहावं, तसा हा प्रकार.

आमच्या गाडीला ही थरथर सुरू झाली ती कुंभार्ली घाटात. चिपळूणहून कराडकडे जाताना ट्रकच्या मागे थांबत, पुन्हा निघत चढायचं, आणि प्रत्येक वेळी निघताना गाडी कापायची. आमच्या गल्लीतला गॅरेजवाला मुलगा चाळीस वर्षं जुनी जीप डोळे मिटून खोलतो. तो म्हणाला, “चाचा, याला कॉम्प्युटर लावावा लागतो, माझ्याकडे नुसते पाने आहेत.” लहान गावातल्या माणसाची खरी गैरसोय इथे आहे. ओळखीचा कारागीर हात वर करतो आणि लांबच्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरवर विसंबावं लागतं.

तिथल्या काउंटरवरच्या तरुणाने गाडी आवारात एक चक्कर फिरवली आणि हसून सांगितलं, “सर, गाडी ओके आहे. तुमची चालवायची पद्धत जरा तशी आहे.” वर असंही सांगितलं, की क्लच हा झिजणारा भाग, तो वॉरंटीत बसत नाही. ‘चालवायची पद्धत’ हे शब्द सौम्य आहेत, पण त्यांचा अर्थ खर्च कोणी करायचा हा आहे.

घरी बेगम म्हणाल्या, “तुमची पद्धत वाईट असेल, पण मी चालवते तेव्हाही ती कापतेच ना?” मुद्दा बिनतोड होता. आम्ही एक वही केली. तारीख, किलोमीटरचा आकडा, रस्ता चढाचा की सपाट, इंजिन गार की तापलेलं, चालवणारं कोण, आणि काय झालं ते एका ओळीत. पंधरा दिवसांत चित्र स्पष्ट झालं. थरथर फक्त तापलेल्या गाडीत, चढावर निघताना होत होती, आणि चालवणारं कोणीही असो, होत होती. गार गाडी आवारात फिरवून ती सापडणारच नव्हती. वही दाखवल्यावर तिथले एक ज्येष्ठ तंत्रज्ञ अर्धा तास माझ्या शेजारी बसून चढाच्या रस्त्याला आले. दोष ॲक्च्युएटरमध्ये निघाला. तो क्लच पुरता सोडत नव्हता आणि क्लच अर्धवट घासत राहत होता. दुरुस्ती वॉरंटीत झाली.

हा एकट्या-दुकट्याचा अनुभव आहे असं समजू नका. ऑस्ट्रेलियात फोर्ड कंपनीने फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट मिळून सुमारे ७० हजार गाड्या ‘पॉवरशिफ्ट’ नावाच्या दोन क्लचच्या गिअरबॉक्ससह विकल्या होत्या. त्या थरथरतात अशा तक्रारी आल्या. गिअरबॉक्समध्ये दोष आहे हे ठाऊक असूनही कंपनीने अनेक ग्राहकांना तुमच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे असं होतं, असं सांगितलं. तिथल्या ग्राहक आयोगाने खटला भरला आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये फेडरल कोर्टाने कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. दंड तक्रारी हाताळताना ग्राहकांना दिलेल्या वागणुकीबद्दल होता, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

अर्थात मालकाचीही काही कर्तव्यं आहेत. चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी तोलून धरू नये. एएमटी किंवा दोन क्लचच्या गाडीचा क्लच त्याने जळतो. ब्रेकवर पाय ठेवावा. गिअरबॉक्सचं तेल केव्हा बदलायचं हे मॅन्युअलमध्ये पाहावं, नुसत्या ऐकीव सल्ल्यावर राहू नये. गाडी बंद पडली तर दोर बांधून ओढत नेऊ नये. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीत तेल फिरवणारा पंप साधारणपणे इंजिनावर चालतो; इंजिन बंद असताना चाकं फिरली, तर आतले भाग तेलाविना घासतात. अशी गाडी ट्रकवर चढवूनच न्यावी.

आणि एवढं करूनही कोणी ऐकलं नाही, तर कायदा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये झाला आणि २०२० च्या जुलैपासून लागू झाला. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तपासणीची गरज असेल तर आयोग सदोष वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. पण तिथेही पहिला प्रश्न हाच येतो, की तुम्ही केव्हा, काय आणि कोणाला सांगितलंत. त्याचं उत्तर तोंडी देऊन भागत नाही, कागद लागतो.

म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी गाडी दुरुस्तीला द्याल तेव्हा जॉब कार्डवर सही करण्याआधी ते वाचा. तुम्ही ‘चढावर निघताना थरथरते’ म्हणाला असाल आणि तिथे नुसतं ‘जर्क’ लिहिलेलं असेल, तर ते खोडून तुमचं वाक्य जसंच्या तसं लिहायला सांगा, मराठीत लिहिलं तरी चालेल. एक प्रत स्वतःजवळ ठेवा. याला दोन मिनिटं लागतात आणि मागे उभी असलेली माणसं थोडी चुळबुळ करतात, इतकंच.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)