काचेच्या पोटातली उजेडाची वाट

(रौप्यमहोत्सवी सहलीत बोदलकसा येथे केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला १० मिनिटं दिली आहेत. आपल्या इमारतीत इंटरनेटची काचेची बारीक तार आली, तिच्या वळणांतून उजेड कसा जातो, असं मुलांनी विचारलं होतं. उत्तर समोरच्या तलावात आहे. पाण्यात बुडी मारून वर फार तिरकं पाहिलं तर आकाश दिसत नाही, पाण्याचा पृष्ठभागच आरसा होतो. तारेचा गाभाही उजेडाच्या दृष्टीने भोवतालच्या काचेपेक्षा किंचित दाट असतो, म्हणून तिरका उजेड परत आत वळतो.

आता गंमत ऐका. अशी वाट काचेच्या अखंड ठोकळ्यात, वरून ओरखडासुद्धा न काढता, आखता येते! १९९६ साली जपानमध्ये हिराओ यांच्या गटाने ते करून दाखवलं. त्यासाठी लागतो फेम्टोसेकंद लेझर. सेकंदाचे १० लाख अब्ज भाग केले की त्यातला एक म्हणजे फेम्टोसेकंद. लेझरचा एकेक ठोका असे १०० फेम्टोसेकंद टिकला, तर तेवढ्यात उजेड केसाच्या जाडीइतकाही पुढे जात नाही.

हा लेझर एरवी काचेतून आरपार जातो. पण भिंगाने आत एका बिंदूवर आणला की तिथे इतकी दाटी होते, की काचेतले इलेक्ट्रॉन प्रकाशाचे अनेक कण एकदम गिळतात आणि तेवढ्याच जागी काचेची घडण बदलते. उष्णता पसरायच्या आत ठोका संपलेला असतो. मात्रा नीट ठेवली तर काच तडकत नाही. ठोकळा हळूहळू सरकवायचा, की रेघ तयार.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही हे झालं आहे. जयश्री धर्माधिकारी, आदित्य धर्माधिकारी, दीपक माथुर आणि सहकाऱ्यांनी बीके-७ नावाच्या काचेत अशा वाटा लिहिल्या. त्यांचा निबंध २०११ मध्ये आला. ही नावं मुद्दाम घेतो. बँकेत असताना शैक्षणिक कर्जाचे अर्ज बघायचो. इंजिनिअरिंगचे ढीग, भौतिकशास्त्राचे बोटांवर मोजण्याएवढे. आपल्याच सोसायटीतल्या एका मुलीला यंदा भौतिकशास्त्र घ्यायचंय, आणि घरी वाद चालू आहे. नाव सांगत नाही, पण तिचे बाबा समोरच बसलेत.

बाबा विचारणार, उपयोग काय? हिशेब मांडतो. चांगल्या तारेत उजेड निम्मा व्हायला साधारण १५ किलोमीटर लागतात. लेझरने लिहिलेल्या वाटेत काही सेंटिमीटरांतच तो निम्मा होऊ शकतो. म्हणजे इथून गोंदियाला उजेड न्यायला ही वाट निकामी. मग कशाला? फाटे फोडायला आणि जोड द्यायला. एकाच तारेत अनेक गाभे असले तर प्रत्येकाचा उजेड वेगळ्या तारेत सोडायला काचेतल्या अशा वर-खाली जाणाऱ्या वाटा कामी येतात. आपल्या जिन्यातल्या डब्यात मात्र ही करामत नाही हं. तसले फाटे बहुतेक दुसऱ्या रीतीने बनतात.

जेवणानंतर मुलांनी पाण्याची बाटली आणि लेझरचा टॉर्च घेऊन यावं. बाटलीला भोक पाडू, धार सोडू आणि पलीकडून उजेड मारू. तो धारेबरोबर वळतो. टॉर्च कुणाच्या डोळ्यांवर मारायचा नाही. त्या बाबांनीही यावं, बाटली धरायला माणूस हवाच आहे.