कुत्र्याचे अनवाणी पाय

हिमप्रदेशांत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात. त्याने कुत्र्यांचे तळवे चिरतात. म्हणून तेथे त्यांना पायमोजे घालतात. पेडणे तालुक्यातील कोरगावात थंडी सौम्य. तेथे लहान कुत्र्याच्या तळव्यांना खरे भय वैशाखातील तापलेल्या डांबराचे व आषाढातील चिखलाचे. पालथा हात रस्त्यावर पाच सेकंद टेकवून पाहावा. चटका सोसवेना, तर कुत्र्यास बाहेर नेऊ नये. पावसातून परतल्यावर पंजे कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या जुन्या फडक्याने कोरड्या कराव्यात. ओल राहिल्यास कातडी चिघळते. कुत्रे वारंवार पंजा चाटू लागले, की तीच त्याची तक्रार समजावी. ते लंगडेपर्यंत थांबू नये. धनी वहाणा घालून उंबरठा ओलांडतो. त्याच्यामागे येणारे मुके जनावर मात्र अनवाणीच असते.