दमणीच्या मापाचे बिऱ्हाड



मेहकर हे फार पूर्वीपासून मुक्कामाचे गाव आहे. अकबराच्या अमदानीत वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे हे ठाणे होते. 1769 मध्ये नागपूरकर भोसल्यांवरील स्वारीत थोरल्या माधवराव पेशव्यांचा तळ येथे पडला आणि 1817 मध्ये नागपुराकडे निघालेल्या इंग्रजी फौजेनेही येथेच राहुट्या ठोकल्या. डेरे, कनाती, उंट आणि बुणगे असा अवाढव्य सरंजाम बाळगून चालणारी ती लष्करे इतिहासजमा झाली. परंतु शारंगधर बालाजीचे दर्शन घेऊन लोणारच्या सरोवराकडे, जिजाऊंच्या सिंदखेडराजाकडे अथवा शेगावी जाणाऱ्या यात्रेकरूला पैनगंगेकाठच्या या गावात रात्रीच्या आसऱ्याचा विचार आजही करावा लागतो. अशा प्रवाशाला मोटारीमागे जोडता येईल, गावच्या सुतार-लोहारांकडून करवून घेता येईल आणि ज्यात दोन माणसांना निर्धास्त निजता येईल, असे चाकांवरचे लहानसे बिऱ्हाड कसे आखावे, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

केवळ भ्रमंतीच्या हौसेखातर घर चाकांवर चढविण्याचा मान बहुधा गॉर्डन स्टेबल्स या ब्रिटिश आरमारातील निवृत्त डॉक्टराकडे जातो. त्याने 1885 मध्ये दोन घोड्यांची ‘वाँडरर’ नावाची गाडी ब्रिस्टल येथे बांधवून घेतली. पुढे मोटारी आल्या आणि 1930 नंतरच्या दशकात अमेरिकेतील हौशी कारागिरांनी पुढे गोल व मागे निमुळता, थेंबाच्या आकाराचा एक चिमुकला ट्रेलर रूढ केला. चार फूट रुंद आणि आठ फूट लांब हे त्याचे नेहमीचे माप मला फार शहाणपणाचे वाटते, कारण प्लायवूडचा तक्ता आपल्या बाजारातही त्याच मापाचा मिळतो. एका तक्त्यात तळ, एकेका तक्त्यात एकेक बाजू असा हिशेब जमतो, आणि जेथे सांधा नाही तेथे पावसाला शिरण्यास वाट नाही.

तथापि मेहकरच्या कारागिराने त्या परदेशी नकाशाची हुबेहूब नक्कल करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. लग्नकार्याला, जत्रेला, लेकीला माहेरी आणायला जी हलकी छपरीची दमणी वऱ्हाडात जुंपली जाई, तिच्यात या विषयातील सर्वांत कठीण प्रश्न आधीच सुटलेला आहे. तो प्रश्न तोलाचा. दमणीत बसलेली मंडळी मागे सरकली की धुरकरी त्यांना पुढे येण्यास सांगे. कारण भार आखाच्या मागे गेला म्हणजे गाडी उलाळ होते, जू मानेवरून उचलले जाते आणि जोत्यांनी बैलांचे गळे आवळतात, तर भार फार पुढे आला म्हणजे त्यांच्या मानेस घट्टे पडतात. मोटारीस मान नसली तरी नियम तोच आहे. ट्रेलरच्या एकंदर वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा मोटारीमागच्या जोडाच्या गोळ्यावर यावा, म्हणजे चारशे किलोच्या ट्रेलरचे चाळीस ते सुमारे सत्तावन्न किलो. याहून कमी आला तर वेग वाढताच ट्रेलर डावीउजवीकडे झोले खाऊ लागतो आणि पुढच्या मोटारीलाही आपल्याबरोबर खेचतो. म्हणून आख मध्यापासून किंचित मागे बसवावा, पाण्याचे कॅन आणि इतर जड सामान आखालगत ठेवावे, आणि सर्व सामान भरून झाल्यावर, ट्रेलर समतल धरून, जोडाचे टोक एखाद्या अडत्याच्या वजनकाट्यावर टेकवून त्याची रुजुवात करावी. चाके मोटारीच्याच मापाची घेतली, तर एकच जादा चाक दोहोंच्या उपयोगी पडते.

दुसरा प्रश्न उन्हाचा, आणि येथे परदेशी नमुना अगदीच कुचकामी ठरतो. थंड मुलखात ऊब कोंडून ठेवणे हा जिचा गुण, तीच बंद पेटी आपल्या वैशाखात माणसाला भाजून काढील. दमणी पुढून-मागून मोकळी असे, हे विसरता कामा नये. दोन्ही बाजूंना खाली एकेक आणि माथ्यावर एक अशा जाळीच्या खिडक्या ठेवाव्यात, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाते आणि गार हवा खालून येते. छपराला पांढरा रंग देऊन त्याच्यावर चार बोटांची पोकळी राखून बांबूचा तट्ट्या बांधावा, म्हणजे उन्हाचा पहिला मारा तो झेलील. प्लायवूड पाण्यात टिकणारे घ्यावे आणि लाकडी कडांना जवसाच्या तेलाचे हात द्यावेत. वऱ्हाडाला जवस काही परके नाही, आणि हे तेल सुकून लाकडावर घट्ट थर धरते. पावसाळ्यात मुक्काम मुरमाड जागीच करावा, कारण काळ्या जमिनीत रुतलेले चाक निघता निघत नाही.

स्वयंपाकाची जागा मागे, वर उघडणाऱ्या झाकणाखाली, म्हणजे रांधणारा बाहेर उभा राहतो आणि झाकणाची सावली त्याच्या डोक्यावर येते. स्वयंपाकाचा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो तळाशी साचतो. सबब सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी भोके अवश्य ठेवावीत, आणि निजण्याच्या जागेत चूल कधीही पेटवू नये.

मोरी, कपाट, दूरचित्रवाणी यांचा मोह अनेकांना होईल. तो टाळावा. या बिऱ्हाडात बसता यावे, निजता यावे, एवढेच पुरे. उभे राहण्याजोगी उंची दिली की वजन आणि वाऱ्याचा अडथळा दोन्ही वाढतात आणि साध्या मोटारीला ते ओझे झेपत नाही.

एक शेवटची सूचना. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे, तथापि 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही मोटार वाहनातच मोडतो आणि नोंदणीवाचून तो सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. तेव्हा लाकडाला करवत लावण्यापूर्वी नकाशा, वजन आणि आखाचा तपशील घेऊन आपल्या जिल्ह्याच्या, म्हणजे बुलढाण्याच्या, परिवहन कार्यालयात रीतसर विचारणा करावी.