महामारी, आपला छोटा धंदा आणि विम्याचा कागद

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, त्याबद्दल सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. कमिटीनं मला विमा या विषयावर बोलायला सांगितलं. विम्याचं नाव काढलं की माणसं चपला शोधायला लागतात, हे मला ठाऊक आहे. पण घाबरू नका, मी आज काहीही विकणार नाही.

आपल्या महाळुंग्यात कंपनीत नोकरी करणारे पुष्कळ आहेत, तसेच कंपन्यांच्या आधारानं छोटा धंदा करणारेही आहेत. कुणाचा जॉबवर्कचा शेड, कुणाचा टेम्पो, कुणाची खानावळ, कुणाचं किराणा दुकान. २४ मार्च २०२० च्या रात्री लॉकडाऊन जाहीर झाला आणि चाकणचा सगळा पट्टा थांबला. कंपनीची लाइन बंद म्हणून जॉबवर्क बंद. कामगार गावी गेले म्हणून खानावळ बंद. जागेचं भाडं मात्र चालूच. बँकेनं हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली, पण व्याज काही माफ झालं नाही. तेव्हा अनेकांनी कपाटातली विम्याची फाइल काढली आणि एकच प्रश्न विचारला, "इतकी वर्षं प्रीमियम भरतोय, आता धंदा बंद आहे, तर काही मिळेल का?" उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असं आलं. ते का आलं, हे समजून घेऊ.

आपला दुकानाचा किंवा शेडचा विमा हा मुळात वस्तूंचा विमा असतो. आग, पूर, वादळ, दंगल यांत इमारत, मशिनरी किंवा माल यांचं नुकसान झालं तर तो भरपाई देतो. धंदा बंद राहिल्यानं बुडालेल्या नफ्यासाठी 'लॉस ऑफ प्रॉफिट' नावाची वेगळी पॉलिसी असते. छोट्या धंदेवाल्यांपैकी फार थोडे ती घेतात. आणि ज्यांनी घेतली होती, त्यांचीही अडचण झाली, कारण तिची पहिली अट अशी की आधी मालमत्तेचं नुकसान झालं पाहिजे. समजा, शेडला आग लागली आणि दुरुस्तीत तीन महिने गेले, तर त्या काळातला नफा मिळू शकतो. लॉकडाऊनमध्ये लेथ मशीन जाग्यावर धडधाकट उभं होतं, फक्त ते चालवायला परवानगी नव्हती. जळलं काहीच नाही, म्हणून क्लेम बसत नाही. खानावळीत पडून खराब झालेल्या मालाचंही तसंच.

जगात सगळीकडे असंच झालं का? नाही. इंग्लंडमध्ये अनेक छोट्या धंद्यांच्या पॉलिसीत साथरोग किंवा सरकारी बंदी यांचा उल्लेख होता. तरी कंपन्यांनी हात वर केले, तेव्हा तिथली नियामक संस्थाच कोर्टात गेली. १५ जानेवारी २०२१ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं बऱ्याच अंशी धंदेवाल्यांच्या बाजूनं निकाल दिला. विम्बल्डनच्या आयोजकांनी साथरोगाचा विमा आधीच उतरवला होता. २०२० ची स्पर्धा रद्द झाल्यावर त्यांना भरपाई मिळाली. म्हणजे सगळा खेळ पॉलिसीत काय लिहिलंय यावर होता.

आपल्याकडेही विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, जुलै २०२० मध्ये महामारीच्या जोखमीसाठी सामाईक निधी उभारता येईल का, हे पाहायला समिती नेमली होती. कारण उघड आहे. आग एका शेडला लागते, बाकीच्यांच्या प्रीमियममधून त्याची भरपाई होते. महामारीत सगळेच शेड एकाच दिवशी बंद पडतात. मग पैसे द्यायचे कुणी? सरकारचा आधार असल्याशिवाय एकट्या कंपनीला ते झेपत नाही.

मग त्या काळात उपयोगी पडलं काय? धंद्याचा नाही, माणसांचा विमा. जुलै २०२० मध्ये 'कोरोना कवच' आली, ५० हजार ते ५ लाखांपर्यंतच्या हॉस्पिटल खर्चाची. ईएसआयमध्ये नोंद असलेला कामगार कोविडनं गेला, तर अटींत बसणाऱ्या कुटुंबाला त्याच्या सरासरी मजुरीच्या ९० टक्के पेन्शन देणारी योजना आली. पीएफला जोडलेल्या विम्याची मर्यादा २०२१ मध्ये ७ लाख झाली. जीवनज्योती योजनेत वारसाला २ लाख मिळत होते, आजारानं मृत्यू झाला तरी. सुरक्षा योजना मात्र फक्त अपघाताची आहे. दोन्हींत गल्लत करू नका. ज्या मालकानं चार कामगारांची नोंद टाळून पैसे वाचवले, त्यांच्या घरच्यांना यातलं ईएसआय-पीएफचं काहीच मिळालं नाही. वाचले किती आणि गेलं काय, याचा हिशेब प्रत्येकानं आपल्या मनाशी करावा.

आता आपण काय करायचं? पाच गोष्टी सांगतो.

एक, पॉलिसीची प्रत मागून घ्या. कर्ज असेल तर विमा बँकेनंच उतरवलेला असतो आणि मालकानं कागद पाहिलेलाही नसतो.

दोन, पत्ता तपासा. शेड बदलला आणि पॉलिसीत जुनाच गट नंबर राहिला, तर क्लेमला अडचण ठरलेली.

तीन, रक्कम तपासा. २० लाखांच्या मालमत्तेचा विमा १० लाखांचा असेल आणि नुकसान ४ लाखांचं झालं, तर हातात साधारण २ लाखच येतात. १ एप्रिल २०२१ पासून ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे. तिच्यात १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते.

चार, जागा सलग ३० दिवसांपेक्षा जास्त बंद राहणार असेल, तर कंपनीला लेखी कळवा. अनेक पॉलिसींत तशी अट असते.

पाच, मालकानं स्वतःचा टर्म विमा निदान धंद्याच्या कर्जाइतका तरी घ्यावा. मशीन बंद पडलं तर पुन्हा चालू होतं. घरचा कर्ता गेला, तर हप्ता मागायला बँक वहिनींच्या दारात येते. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी हे जवळून पाहिलंय.

आणि क्लेम नाकारला तर गप्प बसू नका. नकार लेखी मागा, कुठल्या कलमाखाली नाकारला ते विचारा. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. तिथं दाद लागली नाही, तर पुण्यात विमा लोकपालाचं कार्यालय आहे. एकट्या मालकीचा धंदा आणि सूक्ष्म उद्योग यांनाही तिथं जाता येतं, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

येत्या दोन रविवारी सकाळी मी सोसायटीच्या ऑफिसात बसणार आहे. आपापली पॉलिसी घेऊन या, आपण मिळून वाचू. वहिनींनाही सोबत आणा, कारण फाइल कुठं ठेवलीय हे घरात दोघांनाही माहीत असायला हवं.