आपल्या जिल्ह्यातलं विद्यापीठ उपकेंद्र

गटाच्या बैठकीत पोरीच्या शिक्षणाचा विषय निघाला की बारावीपर्यंत सगळ्याजणी हो म्हणतात. पदवीलाही तालुक्याच्या कॉलेजात धाडतात. एमए, एमएस्सी म्हटलं की मात्र प्रश्न येतो, एवढ्या लांब पोरीला पाठवायचं कसं? आज त्याबद्दलच बोलू.

मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते २३ ऑगस्ट १९५८ ला. त्याआधी निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणासाठी हैदराबादची वाट धरावी लागायची. याच विद्यापीठाला १९९४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं. त्याच वर्षी नांदेडला दुसरं विद्यापीठ झालं आणि लातूर, परभणीकडचा भाग तिकडं गेला. आपला जिल्हा राहिला छत्रपती संभाजीनगरकडं. ते धाराशिवहून सुमारे अडीचशे किलोमीटर, उमरग्याहून तर आणखी लांब.

२००४ साली शेजारच्या सोलापूरला एका जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ झालं. आपल्याकडं त्याच वर्षी विद्यापीठाचं उपकेंद्र सुरू झालं. दोन्हींत फरक काय? स्वतंत्र विद्यापीठाला स्वतःचा कुलगुरू, स्वतःची अधिसभा, स्वतःचा अर्थसंकल्प असतो. ते कायद्याच्या चौकटीत, राज्य सरकार आणि विधिमंडळाच्या पातळीवर ठरतं. उपकेंद्र म्हणजे मूळ विद्यापीठाचाच एक हात. शिकवणं इथं होतं, पदवी त्याच विद्यापीठाची मिळते, तिची किंमत कुठं कमी नाही. पण नवा अभ्यासक्रम, प्राध्यापकांच्या जागा, पैसा, हे मोठे निर्णय मुख्यालयातच होतात. म्हणून तर धाराशिवला स्वतंत्र विद्यापीठ व्हावं, अशी मागणी होत आली आहे.

ते होईल तेव्हा होईल. तोवर आहे त्याचा उपयोग करून घेऊ. उपकेंद्रात व्यवस्थापन, रसायनशास्त्र, शिक्षणशास्त्र असे पदव्युत्तर विभाग आहेत. पोरगी तिसऱ्या वर्षाला असतानाच एकदा तिच्याबरोबर जाऊन या. कोणता अभ्यासक्रम आहे, फी किती, वसतिगृहात जागा मिळेल का, शेवटची एसटी किती वाजता, हे तोंडावर विचारा.

व्यावसायिक अभ्यासक्रमाला शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जाणार असेल, तर आणखी एक गोष्ट. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतल्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत हवं. उत्पन्नाचा दाखला आणि जातीचे कागद आधीच काढून ठेवा. प्रवेशाच्या घाईत तहसीलला रांग लावून पोरीचं वर्ष जाऊ देऊ नका.

आता शेवटचं, आणि हे फार थोड्याजणींना ठाऊक असतं. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधर मतदान करून दहा सदस्य निवडतात. त्यातली एक जागा महिलेसाठी राखीव आहे. आपल्या गावात पदवी घेतलेल्या सुना-लेकी किती आहेत! पण नाव नोंदवलं नाही तर मत नाही, आणि मत नाही तर आपल्या उपकेंद्राचं गाऱ्हाणं तिथं मांडणार कोण?

तेव्हा पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की दोन याद्या करा. गावात पदवीधर बाया किती, आणि पदवीनंतर घरी बसलेल्या पोरी किती. पहिल्या यादीतल्या बायांनी पदवीधर नोंदणी निघाली की अर्ज भरायचा. दुसऱ्या यादीतल्या पोरींना घेऊन उपकेंद्रात जायचं.