भिंतीला लोणा का लागतो?

भाईंदरच्या मिठागरांनी आपणांस भाकर दिली; पण तेच मीठ आता भिंतींत शिरून बसले आहे. खाडीची न धुतलेली रेती नि खारे पाणी बांधकामात गेले, की मीठ हवेतली ओल ओढते, पोपडे सुटतात. गवंडी म्हणतो, वरून सिमेंट थापा. आम्ही मास्तर, मोठे शहाणे. आम्हीही तेच केले! कोंडलेली ओल हातभर वर चढली.

आधी परीक्षा करा. काचेचा तुकडा कडांना मेण लावून दोन दिवस भिंतीस चिकटवा. काचेवर दव दिसले तर दोष घरातल्या कोंदट हवेचा. काचेमागे दिसले तर ओल भिंतीतली. मग उन्हाळ्यात लोणा कोरड्या कुंच्याने झाडा, पाण्याने धुऊ नका. मीठ विरघळून पुन्हा आत मुरते. पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर काढा, आणि गिलावा चुन्याचाच करा. त्यातून भिंत सुकते.